पाहुणे कुणाकडे उतरले

धाकटीने लग्नाच्या पाहुण्यांसाठी गेस्ट हाउस घेतल्याची बातमी थोरलीला दूधवाल्याकडून कळली, आणि त्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरातलं दूध गॅस न पेटवताच उतू गेलं. निदान गल्लीत तरी आजवर असंच सांगतात.

"अख्खा पहिला मजला घेतलाय म्हणे तळ्याकाठी," दूधवाला माप ओतता ओतता म्हणाला. "खोलीगणिक पंखा, खोलीगणिक आरसा. मग तुमच्याकडे यंदा दूध वाढवायचं नाही ना?"

"वाढव," थोरली म्हणाली. "दुप्पट कर."

"पण पाहुणे तर तिकडे…"

"तू दुधाचं बघ. पाहुण्यांचं मी बघते."

या घरात कार्य कुणाचंही असो, बाहेरगावचा पाहुणा थोरलीकडे उतरायचा. गादीकारखान्याच्या गल्लीत दोन भावांची दोन घरं समोरासमोर होती. पण स्टेशनवरून आलेली बॅग उजवीकडे थोरलीच्या पायरीवरच टेकायची. तिला मूलबाळ झालं नव्हतं. ते कुणी बोलून दाखवत नसे. पण एरवी तिच्या घरात चमचा पडला तरी त्याचा आवाज खोल्याखोल्यांतून फिरून परत यायचा, आणि कार्याच्या दिवसांत तोच चमचा कुणाच्या तरी पायाखाली, कुणाच्या तरी हसण्याखाली नाहीसा व्हायचा. त्या दिवसांवर ती बाकीचं वर्ष काढत असे.

शिवाय हे लग्न साधंसुधं नव्हतं. लग्न धाकटीच्या लेकीचं होतं, जिला थोरलीने अर्धी वाढवली होती. अर्धी हा थोरलीचा हिशेब. धाकटीचा हिशेब वेगळा होता.

थोरली तशीच, हातात दुधाचं पातेलं घेऊन, रस्ता ओलांडून गेली.

"अगं, ऐकलं ते खरं का?"

धाकटी ओट्यावर पिशव्यांत काहीबाही भरत होती. ती चपापली, पण लगेच गोड झाली. ती गोड झाली की थोरलीच्या पोटात आम्लपित्त उठत असे.

"वहिनी, मी तुम्हाला सांगणारच होते. म्हटलं, तुमच्या गुडघ्यांना आता कुठे एवढ्या माणसांचा त्रास!"

"माझे गुडघे तुझ्याकडे कधी तक्रार घेऊन आले होते?"

"तसं नाही हो. पण किती वर्षं तुम्हीच करायचं?"

"मी कधी म्हटलं, थकले म्हणून?"

"तुम्ही कशाला म्हणाल?" धाकटी पिशवीचे बंद आवळत म्हणाली. आवळले जरा जास्तच. "या वेळी माझ्या घरचं कार्य आहे, वहिनी. पाहुणेही माझेच राहू देत."

त्या 'माझेच'वर थोरलीने पातेलं उचललं आणि ती घरी आली. त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी इतक्या नम्रपणे वागू लागल्या, की गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध बसेनाशी झाली.

*

दुसऱ्या दिवशी थोरली 'सहज' तळ्याकडे फिरायला गेली. आयुष्यात ती कधी सहज कुठे गेली नव्हती. गेस्ट हाउसच्या माणसाला म्हणाली, मी मुलीची मोठी आई, व्यवस्था बघायची आहे; आणि त्याने बिचाऱ्याने खोल्या उघडून दिल्या.

प्रत्येक पलंगावर एक पिशवी. पिशवीत साबण, टॉवेल, पाण्याची बाटली, गावाचा हाताने काढलेला नकाशा. नकाशात गादीकारखाना होता, लग्नाचा हॉल होता, औषधांचं दुकान होतं, धाकटीचं घर होतं. समोरच्या घराच्या जागी एक झाड काढलं होतं.

थोरली त्या झाडाकडे बराच वेळ बघत राहिली.

मग तिने इंजिनमामासाठी ठेवलेल्या खोलीच्या शेजारची खोली पाहिली. मामा घोरायला लागला की आगगाडीचा सिग्नल पडतो, अशी त्याची ख्याती होती. म्हणून त्याच्या डाव्या-उजव्या खोल्यांतल्या पिशव्यांत धाकटीने कानात घालायला कापसाचे बोळे ठेवले होते. थोरलीच्या काळजात कळ आली, कारण कल्पना उत्तम होती आणि इतक्या वर्षांत तिला स्वतःला सुचली नव्हती. तिने पुडी उलटी केली, मागची चिठ्ठी वाचली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"औषधांच्या दुकानातला कापूस!" ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. "तीन पिढ्या कापसात लोळल्या आपल्या, आणि ही बया पाहुण्यांच्या कानात विकतचा कापूस घालते! आणि गाद्या? अहो, स्पंजाच्या! दाबली की खाली, सोडली की वर. कोण झोपलंय याचा तिला पत्तासुद्धा नाही."

थोरला दाभणात सुतळी ओवत होता. हा माणूस लग्नात एकदा 'हो' म्हणाला, त्यानंतर त्याने तो शब्द जपून वापरला होता.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? सगळ्या पाहुण्यांसाठी नव्या गाद्या भरायच्या. चांगला, लांब धाग्याचा कापूस काढा. असा पिंजा, की फुंकर मारली तर ढग समजून पाखरं आत शिरतील."

"ते तिकडे उतरणार आहेत ना सगळे?"

"कापूस काढा म्हटलं ना."

थोरल्याने कापूस काढला. पिंजणयंत्र दिवसभर घरघरत राहिलं, आणि खोळींवर खोळी फुगत गेल्या. तळाचा थर घालायची वेळ आली तेव्हा त्याने सवयीने जुन्या कापसाचं पोतं ओढलं. हा सासऱ्यांचा नेम होता. गादी कितीही भारी भरा, तळाला मळून कडक झालेल्या जुन्या कापसाचा एक थर घालायचाच. ते म्हणत, "माणूस निजला पाहिजे, पण उठलाही पाहिजे. गादीने त्याला मधूनमधून टोचून सांगावं, बाबा रे, जग आहे अजून." हा थर विसरलेल्या एका उशीवर म्हणे शेजाऱ्यांचा कोंबडा बसला होता, आणि त्या दिवशी गल्लीत उजाडलंच नाही.

"जुनं नको," थोरली म्हणाली.

"नको म्हणजे?"

"या खेपेला नको. पाहुण्यांना काही टोचायला नको. टाकेही लांब लांब घाला."

"अगं, बाबांनी…"

"बाबांना दोनच सुना होत्या. त्यांच्या वेळी त्यांतल्या एकीनेही गेस्ट हाउस नव्हतं घेतलं."

थोरल्याने पोतं परत सरकवलं. तो नेम मोडणं त्याला आवडलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर घरच्या कार्याला बाहेरच्या गाद्या, हे त्यालाही झोंबलं होतं. फक्त तो गप्प झोंबून घ्यायचा.

*

लग्नाच्या दिवशी सकाळी स्टेशनवर दोघी जावा दोन टोकांना उभ्या होत्या. धाकटीजवळ मिनिबस होती आणि पुठ्ठ्याची मोठी पाटी होती. थोरलीजवळ काहीच नव्हतं. ती नुसती उभी होती, पण अशी, की स्टेशनच तिने बांधून घेतलंय.

गाडी आली. रात्रभर बसून आंबलेली माणसं उतरली. इंजिनमामा उतरला, त्याच्या डब्यातले न झोपलेले प्रवासी त्याच्याकडे बघत उतरले. लंबूदादा आणि त्याची बायको दारात वाकून उतरली. सगळ्यांच्या शेवटी आत्या. दोघा भावांहून मोठी, काठी टेकत येणारी, आणि काठीपेक्षा जिभेवर जास्त भार देणारी. लग्न नोंदवायला साहेब संध्याकाळी हॉलवर येणार होते, आणि मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, साक्षीदाराची पहिली सही आत्याची. तिच्याशिवाय मी पेन उचलणार नाही.

"आत्याबाई, या!" धाकटीने पाटी खाली टाकून नमस्कार केला. "तुमच्यासाठी तळ्याकडची खोली ठेवलीय. वारा नुसता!"

"वन्सं," थोरली मागून हळूच म्हणाली, "कंबर कशी आहे?"

"कंबर?" आत्या म्हणाली. "ती मागच्या स्टेशनातच उतरली. मी एकटीच पुढे आले."

सगळे हसले. आत्याने दोघी भावजयींकडे आळीपाळीने पाहिलं. म्हातारी मुरलेली होती. आपल्यावरून दोघींत जुंपली आहे हे तिला गाडीचा वेग कमी व्हायच्या आतच कळलं होतं, आणि त्या वयात असं कुणी भांडत असेल तर ते औषधासारखं लागतं.

"थोरले, रागावू नकोस गं," ती म्हणाली. "या पोरीने प्रेमाने बोलावलंय. कार्य तिचं. मी आपली तिकडेच जाते."

"जा की," थोरली म्हणाली. "मी कुठे अडवतेय?"

मिनिबस गेली. ती समोरून जाताना थोरलीने धुळीत उभं राहून नीट पाहिलं. तिला गाडी दिसली नाही. तिला ड्रायव्हरचा चेहरा दिसला. डोळे तारवटलेले होते त्याचे.

*

दुपारचं जेवण हॉलवर होतं, आणि हॉल गल्लीच्या टोकाला, म्हणजे थोरलीच्या दारावरूनच जायचं. पाहुणे जेवले ते रात्रीच्या जागरणासकट जेवले. बोलता बोलता वाक्यं अर्धी राहू लागली. लंबूदादाची मान शेजाऱ्याच्या ताटात वाकली.

धाकटी आत मुलीच्या केसांत अडकली होती. थोरली बाहेर मिनिबसजवळ गेली.

"दादा, जेवलात?" तिने ड्रायव्हरला विचारलं.

"जेवलो, बाई."

"पहाटेपासून गाडीवर आहात. डोळे बघा तुमचे. लोकांची माणसं घेऊन जायची, जबाबदारीचं काम. माझ्या व्हरांड्यात गादी घातलीय, जरा पाठ टेका. पाहुणे निघाले की हाक मारते."

ड्रायव्हर पाठ टेकायला गेला. गादीने त्याला असं आत ओढून घेतलं, की वर फक्त टोपी राहिली.

मग पाहुणे बाहेर आले, आणि मिनिबसमध्ये माणूस नव्हता.

"अगंबाई, झोपला वाटतं बिचारा," थोरली म्हणाली. "उठवायचं जिवावर येतंय. तोवर माझ्याकडे आत या ना. नुसते टेका."

नुसतं टेकायला इंजिनमामा आधी गेला. मग लंबूदादा, ज्याच्यासाठी थोरलीने मुद्दाम जास्त लांबीची खोळ शिवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे पाय गादीवर मावले, आणि त्याला रडूच आलं. एकेक करून सगळे गेले. मागच्या दाराने एक माणूस चोरासारखा आत आला, तो खुद्द मुलीचा बाप, धाकटा.

"वहिनी, हिला सांगू नका," तो कुजबुजला. "चार दिवस त्या गेस्ट हाउसच्या गाद्या बघतोय, रात्री डोळा लागत नाही. गादीवाल्याच्या घरचं लग्न आणि स्पंज! एक पाच मिनिटं आपल्या कापसावर पडू द्या."

थोरलीने त्याच्यासाठी कोपऱ्यातली गादी नीट केली. शत्रूचा सेनापती आपल्या तंबूत घोरायला आला, की जसं वाटावं तसं तिला वाटलं.

राहिली आत्या. ती दारातच काठी रोवून उभी.

"मी धाकटीला शब्द दिलाय. मी इथे निजणार नाही."

"निजू नका. नुसत्या बसा."

"बसणार नाही. बसले की तू आडवं करशील. तुला ओळखते मी."

"बरं, मग हात तरी लावून सांगा, कापूस कसा पिंजलाय. घरात तुमच्याइतकी जाण आहे कुणाला?"

आत्या गादीकाराची लेक होती. कापूस म्हटला की तिचा हात तिच्या बापाचा व्हायचा. तिने काठी भिंतीला टेकवली, वाकली, गादीवर तळवा दाबला. तळवा गेला, मनगट गेलं, कोपर गेलं, आणि त्यामागून आत्या.

थोरली मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. सगळ्या खोल्यांतून श्वास येत होते, जाड, बारीक, शिट्टी घालणारे, दम लागलेले. भिंतीसुद्धा थोड्या फुगून खाली बसत होत्या. तिने पाय पसरले. समोरच्या घराकडे खिडकीतून पाहिलं. तिथे कुणीही नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, की तिने स्वतःसाठी चहासुद्धा केला नाही. उठावंसंच वाटेना.

*

चहा करायला ती उठली ती उन्हं कलल्यावर. चहा करून तिने हाक मारली. कुणी हललं नाही. तिने भांडी वाजवली. मग परात वाजवली. पाणी शिंपडलं, तर इंजिनमामाने झोपेतच छत्री मागितली. तिने आत्याला खांदा धरून हलवलं. आत्या म्हणाली, "ठेव तिथे," आणि कूस बदलली.

थोरलीने परात पुन्हा एकदा, थेट आत्याच्या कानाशी, वाजवली.

त्याच वेळी दारात धाकटी आली. जरीची साडी, अर्धे केस बांधलेले, हातात पिना, कपाळावर घाम.

"वहिनी, पाहुणे कुठे आहेत? साहेब येऊन बसलेत, अंधार पडायच्या आत निघणार म्हणतात. दुसऱ्या गावचं लग्न आहे त्यांना. गेस्ट हाउसवर फोन केला, तर…"

तिने आत पाहिलं. मग आणखी आत पाहिलं. मग कोपऱ्यात पाहिलं.

"हे," ती म्हणाली, "हे आमचे हे आहेत?"

"पाच मिनिटं पडतो म्हणाले."

"तुम्ही माझा नवरापण उतरवून घेतलात?"

"मी नाही बोलावलं. आपण होऊन आले."

"सगळे आपण होऊनच येतात ना तुमच्याकडे!" धाकटीचा आवाज फुटला. "उठवा त्यांना! उठवा आत्याबाईंना! पोरगी तिकडे पेन घेऊन बसलीय, म्हणते आत्या आल्याशिवाय नाही."

"उठत नाहीत गं," थोरली म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज धाकटीपेक्षा लहान झाला.

आवाज ऐकून थोरला कारखान्यातून आला. त्याने एका गादीखाली हात घातला, कापूस चाचपला, मान हलवली.

"जुना थर नाही. उद्या सकाळी उठतील," तो म्हणाला. "ढगाळ असलं तर परवा."

धाकटी मटकन खाली बसणार होती. पण जवळ गादी होती. तिने घाबरून स्वतःला सावरलं.

"रडू नकोस," थोरला म्हणाला. त्या दिवसातलं हे त्याचं सगळ्यात लांब बोलणं. "टणक फरशी लागली तर उठतीलही, पण इथे गाद्यांखाली फरशीच उरली नाही. साहेबांपर्यंत माणसं जात नाहीत, तर गाद्या जातील. गाद्या पोचवणं हा आपला धंदाच आहे."

कारखान्यातली माणसं आली. हातगाडी आली. लंबूदादाला दोन फेऱ्या लागल्या असं कुणी म्हणतात, पण ते अतिशयोक्तीचं आहे. पाय तेवढे मागून चालत आले. गल्लीतले लोक गॅलरीत उभे राहून बघत होते, आणि लग्नाचे पाहुणे एकामागोमाग एक आडवे, हात छातीवर घेऊन, हॉलकडे निघाले होते. कुणीतरी विचारलं, "कोण गेलं हो?" मागून इंजिनमामा घोरला, तेव्हा त्याचं समाधान झालं.

शेवटी आत्याची गादी राहिली आणि माणसं संपली. पुढची दोन टोकं धाकटीने धरली, मागची थोरलीने. धाकटा तोवर हातगाडीवरून पुढे गेला होता.

"जपून," थोरली म्हणाली. "डावीकडे खड्डा आहे."

"माहितीय मला. मीही याच गल्लीत राहते. पाहुण्यांच्या लेखी नसले तरी."

"नकाशात तर मी नाहीये."

धाकटी चालता चालता थांबली. गादी झुलली. आत्या मधोमध सुखाने डुलली.

"बघितलात होय तो?"

"झाड काढलंयस माझ्या जागी. बरं काढलंयस. फांद्या चांगल्या आल्यात."

"काढलं!" धाकटी वळून न बघता म्हणाली. "काढलं, कारण एकदा तरी वाटलं, तुम्ही तिथे नसावं. माझ्या पोरीला ताप आला की ती रस्ता ओलांडून तुमच्याकडे. पडली की तुमच्याकडे. पास झाली, तर आधी तुमच्याकडे, मग मला सांगायला. लग्न ठरलं तेही मला तुमच्या तोंडून कळलं. मी काय फक्त हिला जन्म द्यायला होते? पाहुणे तरी, म्हटलं, एकदा माझ्याकडे उतरू देत. जाऊन आपल्या गावी म्हणू देत, धाकटीकडे होतो, छान ठेवलं हो तिने. तेही तुम्हाला बघवलं नाही."

थोरलीने गादी जरा वर उचलून धरली. इतकी वर्षं ती समोरच्या घराच्या दिव्याकडे बघून जळत होती, आणि समोरून कुणी इकडच्या दिव्याकडे बघून जळत असेल हे तिच्या गावीही नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण आधी, अगदी खरं सांगायचं तर, तिला छान वाटलं.

"चल," ती म्हणाली. "साहेब जातील."

"वजन किती आहे हो आत्याबाईंचं!"

"झोपेत माणूस जड होतो."

"मी ऐकतेय," आत्या झोपेतच म्हणाली, आणि परत गेली.

हॉलमध्ये गाद्या रांगेने मांडल्या होत्या. साहेब खुर्चीत ताठ बसले होते. नवरामुलगा पाहुण्यांच्या झोपेकडे अशा नजरेने बघत होता, की या घराण्यात येऊन आपण चूक तर करत नाही ना. मुलगी मात्र हसून हसून लोळायची बाकी होती.

"मोठ्याई, हे तुझंच काम!"

"आता बोलू नकोस. वन्संना धर."

थोरल्याने सांगितलं होतं तसं दोघींनी केलं. गादीची एक बाजू उचलली, आणि आत्या हळूच घरंगळून हॉलच्या उघड्या, थंड, टणक फरशीवर आली. फरशी लागताच तिने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. रांगेने निजलेली माणसं, वर टांगलेली फुलं, समोर कागद घेऊन बसलेला गंभीर गृहस्थ.

"पेन कुठंय?" आत्या म्हणाली.

पहिली सही झाली. मग एकेक पाहुणा दाण्यासारखा गादीवरून फरशीवर ओतला गेला आणि जागा होत गेला. मुलीचा बाप सगळ्यात शेवटी जागा झाला, आणि बायकोकडे पाहून पुन्हा डोळे मिटण्याच्या बेतात होता. लग्न झालं. साहेब चहा घेऊनच गेले.

*

त्यानंतर जो काही आनंद झाला तो झोप पुरी झालेल्या माणसांचा आनंद होता, आणि त्याला तोड नसते. इंजिनमामा नाचला. लंबूदादाने झुंबर पुसून दिलं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच.

"वहिनी, काय गादी! काय झोप! पाहुणचार असावा तर थोरलीसारखा!"

"छे छे," थोरली म्हणत होती. "सगळं धाकटीचंच केलेलं." आणि असं म्हणताना ती दारात, यजमानीणबाईंच्या जागी, उभी होती. कुणाला पाणी हवं, कुणाची बॅग कुठे आहे, कोण उद्याच्या गाडीने, कोण परवाच्या, सगळे तिलाच विचारत होते. धाकटी बऱ्याच वेळात दिसली नव्हती. ते थोरलीच्या लक्षात आलं होतं. बोलली मात्र नव्हती ती.

रिकाम्या गाद्या हॉलमागच्या खोलीत टाकल्या होत्या. थोरली तिथे चादर आणायला गेली, आणि तिथे धाकटी होती. बसायला म्हणून आली असावी. एक चप्पल पायात, एक हातात, केसांतल्या पिना अजून ओठांत धरलेल्या. किती दिवस निजली नव्हती कोण जाणे. आता ती गादीत इतकी खोल गेली होती, की साडीची जर तेवढी वर तरंगत होती.

थोरलीने आधी तिच्या ओठांतून पिना काढून घेतल्या. टोचल्या असत्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जोडपं निघायचं होतं; मुलाची नोकरी लांब, फार रात्र व्हायच्या आत घाट उतरायचा होता. आणि मग मुलीचा आवाज आला.

"आई कुठंय? मोठ्याई, आईला पाहिलंस?"

थोरली गादीशेजारी उभी राहिली. तिला काही करायलाच नको होतं. नुसतं दार ओढून घेऊन बाहेर जायचं होतं. सगळ्यांनी पाहिलंच होतं, या गाद्यांवर माणूस उठत नाही. कुणाचा काय दोष? आणि बाहेर ती पोरगी आईला शोधत, डोळ्यांत पाणी आणून, ज्या खांद्यावर पडली असती तो खांदा कुणाचा असता, हे काय सांगायला हवं? पोरीच्या आयुष्यातली ती घटका थोरलीला मिळाली असती. पुरी. अर्धी नाही.

हॉर्न पुन्हा वाजला.

थोरली वाकली. ती बोलली, पण इतकं हळू, की ऐकू गेलं नाही तर बोल कुणाला लागू नये.

"निघाली बघ."

परातीने उठत नव्हते, पाण्याने उठत नव्हते, तिथे धाकटी शब्द पुरा व्हायच्या आत उभी होती. डोळे मिटलेलेच होते, पण पाय दाराकडे लागले होते. चप्पल हातातच राहिली. थोरलीला क्षणभर वाटलं, आपल्याला कुणी असं हाकेसरशी उठवणारं असतं, तर आपणही अशाच उठलो असतो का. मग तिने तो विचार चादरीबरोबर घडी घालून ठेवला.

खिडकीतून तिने पाहिलं. मुलगी "आई गं!" म्हणून धाकटीच्या गळ्यात पडली. दोघी खूप वेळ हलल्या नाहीत. थोरलीला ते सबंध बघवलं नाही, आणि तरी तिने ते सबंध पाहिलं. गाडी हलता हलता मुलीने काच खाली करून मान बाहेर काढली आणि खिडकीकडे बघत हात हलवला. तो कुणाला हलवला यावर त्या घरात पुढे बरीच वर्षं दोन मतं होती.

गाडी गेल्यावर लोक आत आले. इंजिनमामा नाचून दमला होता, तो तिच्यापाशी येऊन बसला.

"काय हो वहिनी, ऐन वेळेला धाकटी गायब! आम्ही सगळीकडे शोधलं. होती कुठे ती?"

थोरलीने पदर सावरला.

"माझ्याकडे उतरली होती," ती म्हणाली.